गाडी रात्रीची कुठे असायची?

क्वालिस बनायची बंद होऊन वीस वर्षं उलटली. तवेरा २०१७ मध्ये गेली, सुमो २०१९ मध्ये. तरी मालवण-कुडाळ पट्ट्यात कुणी ‘मोठी गाडी बघतोय’ म्हणालं की अजून याच तिघींची नावं निघतात. कारण उघड आहे. चतुर्थीला मुंबईकर उतरतात तेव्हा माणसं मोजून येत नाहीत. त्यांच्याबरोबर बॅगा येतात, आणि परतीला तांदूळ, नारळ, कोकमं, सुक्या बांगड्यांची पिशवी जाते. शिवाय प्रत्येक घरात एक आजी अशी असतेच, जिला पुढची सीट मिळाली नाही तर कुंभारमाठ ओलांडायच्या आत गाडी लागते. नव्या सात आसनी गाड्यांची तिसरी रांग शाळकरी पोरांपुरती असते; मोठा माणूस तिथे बसला की गुडघे हनुवटीला टेकतात.

म्हणून जुनी गाडी. गिऱ्हाईक ठरलेले तीन प्रश्न विचारतं : मॉडेल कितीचं, किलोमीटर किती, मालक कितवा. गाडी तपासून देणारा आमच्याकडचा मुरलेला मेकॅनिक मात्र पहिला प्रश्न वेगळाच टाकतो : “गाडी रात्रीची खय उभी ऱ्हवायची?” मालवणच्या दांडीवर समुद्राकाठी, की आत कणकवलीत? उघड्यावर, की पत्र्याच्या शेडमध्ये? विकणारा गोंधळतो. त्याला वाटतं, चोरीबिरीचा संशय आहे की काय. पण या एका प्रश्नात रसायनशास्त्र आहे, भूगोल आहे, थोडं भूगर्भशास्त्रही आहे.

आधी गाड्यांची ओळख करून घेऊ. सुमो १९९४ ची, टाटांची. टेल्को उभी करणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नावा-आडनावाची आद्याक्षरं जोडून तिचं नाव ठेवलं. जपानी पैलवानांशी तिचं काही नातं नाही. क्वालिस २००० साली आली. टोयोटा किर्लोस्करची ही भारतातली पहिली गाडी, बंगळुरूजवळच्या बिडदीच्या कारखान्यातली. इंडोनेशियात खपणाऱ्या किजांग गाडीचं भारतीय रूप. पाच वर्षांत, चांगली खपत असताना, कंपनीने ती बंद करून तिच्या जागी इनोव्हा आणली. लोकांना तो निर्णय तेव्हा कळला नव्हता, काहींना अजून कळलेला नाही. तवेरा २००४ ची. अंगावर शेव्हर्लेचा बिल्ला, आतली हाडं इसुझूची. २०१३ मध्ये धुराच्या नियमांवरून १ लाख १४ हजार तवेरा कंपनीला परत बोलवाव्या लागल्या, आणि २०१७ अखेर जनरल मोटर्सने भारतातली विक्रीच थांबवली. सुमोच्या मुळावर २०१९-२० चे सुरक्षेचे आणि प्रदूषणाचे नवे नियम आले.

तिघींची ठेवण एकाच घराण्यातली. खाली दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, म्हणजे चक्क शिडी, हीच चासी. इंजिन, गिअरबॉक्स, मागचं हाऊसिंग सगळं या शिडीला धरून, आणि माणसं बसायची बॉडी वर वेगळी, बोल्टांनी आवळलेली. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत ही शिडीच नसते. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. शिडीवाली गाडी जड असते, डिझेल जास्त पिते, वळणावर डुलते. पण तिचा प्रत्येक अवयव सुटा होतो, आणि सुटा होतो म्हणून दुरुस्त होतो.

इंजिनाचंही तसंच. क्वालिसच्या २४४६ सीसीच्या डिझेल इंजिनात कॉम्प्युटर नाही. स्पार्क प्लगही नाही. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती दाबानेच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत पंपाने मोजून सोडलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. हे मोजमाप स्प्रिंगा, वजनं आणि डिझेलचा दाब यांच्या हिशोबाने होतं. इंजिनच पंपाला फिरवतं आणि पंप इंजिनाला जेवू घालतो. पंपावर डिझेल तोडणारी एक छोटी विजेची कळ असते, ती सोडली तर एकदा सुरू झालेल्या या इंजिनाला विजेची जवळपास गरजच नाही. झिजलं, धूर टाकायला लागलं, तर खोलायचं आणि घाट चढून कोल्हापूरला उद्यमनगरात न्यायचं. तिथे सिलिंडर बोअर करून, किंचित मोठे पिस्टन घालून, क्रँक घासून देणारे कारागीर अजून आहेत. म्हणजे तीन लाख किलोमीटर चाललेलं इंजिन पुन्हा उमेदीने चालू शकतं.

पत्र्याला हे भाग्य नाही. “इंजिनाचा सोड, ता उघडून नीट करूक येता. पत्रो बघ. गंज खालसून चढता.” हे सांगणाऱ्याने पुस्तकं वाचलेली नसतात, पण पुस्तकं त्याच्या बाजूने आहेत.

गाडीच्या बॉडीचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. उघडं पोलाद वर्षाला किती खंगतं यावरून हवेचे वर्ग पाडणारं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ९२२३. कोरड्या, स्वच्छ हवेच्या गावात पहिल्या वर्षी २५ मायक्रॉनपर्यंत पोलाद जातं. खाऱ्या किनाऱ्याचा वर्ग लागला की हाच आकडा ८० ते २०० मायक्रॉन होतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता हिशोब करा : रंग उडालेल्या जागी वर्षाला १०० मायक्रॉन गेले, तर पाऊण मिलिमीटरचा पत्रा सात-आठ वर्षांत आरपार. तोच पत्रा जतला किंवा सांगोल्याला पंचवीस-तीस वर्षं काढील. कारखाना एक, महिना एक, रंग एक. आयुष्यात तिप्पट-चौपट फरक, आणि तो फरक फक्त पत्त्याचा.

खारी हवा म्हणजे नेमकं काय, हेही बघण्यासारखं आहे. लाट फुटते तेव्हा तिच्या फेसातले बुडबुडे फुटतात आणि त्यांतून खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात. पाणी वाटेत सुकतं, मीठ वाऱ्यावर पुढे जातं. यातले मोठे कण पहिल्या काहीशे मीटरांतच खाली बसतात. म्हणून दांडी, तारकर्ली, देवबाग, आचरा या वाळूवरच्या वस्त्या आणि पंचवीस-तीस किलोमीटर आतलं कुडाळ यांचा जिल्हा एक असला तरी गाडीच्या दृष्टीने ते दोन वेगळे देश आहेत. दोन्हीकडच्या गाड्यांच्या पाटीवर एमएच-०७ च असतं. पाटी वाचून हे कळत नाही, विचारावंच लागतं.

पुढचा भाग तर आणखी विलक्षण आहे. पत्र्यावर बसलेलं मीठ सुकं राहत नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलंच पाणी ओढून स्वतः विरघळतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीत हे रोज दिसतं. किनाऱ्यावर बहुतेक रात्री आर्द्रता त्याच्या वर असते. शिवाय समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, आणि ते तर तेहतीस टक्क्यांपासूनच पाणी धरायला लागतं. इतकी कोरडी हवा मालवणात क्वचितच. म्हणजे समुद्राकाठी उभ्या गाडीवर पाऊस नसताना, दव नसतानाही डोळ्यांना न दिसणारा ओला पापुद्रा जवळजवळ बारमाही असतो. गाडी उन्हात कोरडी ठणठणीत दिसते, आणि तिच्या सांध्यांत मात्र ओल टिकून असते.

या ओल्या पापुद्र्याखाली काय चालतं ते घरी बघता येतं. साध्या पोलादाचा एक तुकडा घ्या (स्टेनलेस नको), पॉलिश पेपरने घासून लखलखीत करा आणि त्यावर समुद्राच्या पाण्याचा एक मोठा थेंब ठेवा. थोड्या वेळाने थेंबाच्या आत तपकिरी कडं दिसायला लागेल. थेंब पुसा. हवेच्या सगळ्यात जवळ असलेली थेंबाची कड चकचकीत असते, आणि पत्रा खाल्ला गेलेला असतो तो मध्यभागी, जिथे पाणी सगळ्यात खोल आणि हवा सगळ्यात कमी. केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात या एका थेंबावरून गंजाचं कोडं सोडवलं. त्यांनी पाण्यात रंग बदलणारी दोन रसायनं घातली : लोखंड विरघळू लागलं तसा थेंबाचा मध्य निळा झाला, आणि कड गुलाबी. कडेला प्राणवायू भरपूर, त्याला इलेक्ट्रॉन हवे असतात. ते मधल्या भागातल्या लोखंडाकडून पत्र्यातूनच वाहत येतात, आणि इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड पाण्यात उतरतं. थेंबाएवढी बॅटरीच ती. दोन्हीकडचा माल जिथे भेटतो तिथे तपकिरी गंज साचतो. म्हणजे गंज दिसतो एका जागी आणि लोखंड जातं दुसऱ्याच जागेवरून.

हा थेंब डोक्यात ठेवून जुनी गाडी बघितली की तिचं सगळं दुखणं उलगडतं. गंज बॉनेटच्या मोकळ्या, वाऱ्याच्या पत्र्यावर सुरू होत नाही. तो सुरू होतो दोन पत्र्यांच्या सांध्यात, दाराच्या खालच्या घडीत, फूटबोर्डाच्या पोकळ पेटीत, चाकावरच्या कमानीत चिकटलेल्या लाल चिखलाखाली : जिथे ओल आहे आणि हवा पोचत नाही तिथे. रंगाखाली तो शिरला की गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून रंगाला फोड येतात. फोड दिसला तेव्हा आतलं काम बरंच उरकलेलं असतं.

शेडचं काय? प्रत्येक मालक अभिमानाने सांगतो, ‘गाडी कायम शेडमध्ये असायची.’ कोल्हापुरात हा गुण आहे. किनाऱ्यावर तो अर्धा दोष आहे, आणि हे ऐकून मीही प्रथम चक्रावलो होतो. जिल्ह्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, वर आंबोलीत त्याच्या दुप्पट. हा पाऊस जिथे थेट लागतो तिथलं मीठ धुऊन नेतो. शेडमध्ये खारा वारा तर शिरतो, पण पाऊस शिरत नाही. मीठ साठतच जातं. गंजाचा अभ्यास करणाऱ्यांना हे जुनं ठाऊक आहे : किनाऱ्यावर आडोशाचा भाग उघड्या भागापेक्षा जास्त खंगतो. गाडीचं पोट हा कायमचा आडोसाच. म्हणून टप चकचकीत आणि चासी पोखरलेली, असं ध्यान इथे नवलाचं नाही.

मालवणच्या हवेचा हिसका गाड्यांनाच बसतो असं नाही. राजकोट किल्ल्यावरच्या शिवरायांच्या पुतळ्याचे नट-बोल्ट गंजत असल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये लिहिलं होतं. २६ ऑगस्टला, अनावरणाला नऊ महिनेही झाले नसताना, पुतळा कोसळला. कोसळण्याची कारणं किती आणि कोणती यावर वाद झाला, पण ते पत्र आपल्या जागी आहे. समोर पाण्यात १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला अजून उभा आहे. त्याच्या पायात शिसं ओतलं असं सांगतात. शिशावर स्वतःच्याच क्षारांचा घट्ट थर बसतो आणि झीज मंदावते. लोखंडाचा गंज भुसभुशीत, तो आतल्याला कसलंच संरक्षण देत नाही.

आणि गंजलेलं लोखंड जातं कुठे? पायाखाली बघा. आपला जांभा आणि लाल माती लाल आहे ती लोखंडाच्या ऑक्साइडांमुळे. गंजही त्याच कुळातला. वेंगुर्ल्याच्या रेडीला याच कुळातलं खनिज खणून काढतात. भट्टीत कोळसा जाळून खनिजातला प्राणवायू हुसकावला की पोलाद मिळतं, पोलादाचा पत्रा होतो, पत्र्याची सुमो होते, आणि सुमो दांडीवर उभी राहिली की हवेतला प्राणवायू पुन्हा लोखंडाशी जोडला जातो. माहेरी परतणाऱ्या मुलीसारखी लोखंडाची ओढ मातीकडेच असते. आपण रंग लावून, तेल मारून तिचा मुक्काम लांबवतो, इतकंच.

हे सगळं डोक्यात ठेवून गाडी बघायला जा, आणि जाताना एक लोहचुंबक, एक स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च आणि मळली तर चालतील अशी पँट घेऊन जा. चुंबक पातळ कापडात गुंडाळून दारांच्या खालच्या कडेने, कमानींवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. वरून रंग मारून ती मुखवट्यासारखी बसवलेली असते. मग खाली शिरा. चासीच्या दोन्ही तुळयांवर स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने ठोका : निरोगी पोलाद टणत्कार करतं, पोखरलेलं भदभद वाजतं. पाटे जिथे चासीला धरतात ते हुक आणि बॉडीचे बोल्ट सावकाश बघा, कारण ओल तिथेच अडते. ब्रेकच्या बारीक पोलादी नळ्यांवरून बोट फिरवा. खवले हाताला लागले तर नळ्या बदलायचा खर्च आधीच धरा, त्यात काटकसर नाही. दाराच्या तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात. ती मातीने बुजलेली असली तर दाराच्या पोटात काय असेल याचा अंदाज करा. चासीवर ताजं काळं कोटिंग दिसलं की मी तरी आनंदी होत नाही, संशय घेतो. विकायच्या आठवड्यात केलेलं कोटिंग गंज थांबवत नाही, झाकतं.

इंजिन सकाळी थंड असताना सुरू करायला सांगा, आणि बॉनेटला हात लावून ते खरंच थंड आहे याची खात्री करा. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडल्यावर भसाभस धूर आला तर ‘बॅक मारतंय’, म्हणजे रिंगा झिजल्यात. तो सौद्याचा मुद्दा आहे, गाडी नाकारायचा नव्हे. मग फोंडा घाट चढवा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. पार्ट्सची चिंता तिघींपैकी तवेराला जास्त. कंपनीच गेली म्हणून. तरी तिचं अडीच लिटरचं इंजिन इसुझूच्या घराण्यातलं, आणि बाकी बऱ्याच गोष्टी मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारात सापडतात.

घाटावरची गाडी बरी, हे खरं. एमएच-१०, एमएच-१३ अशा पाट्यांकडे इथली जाणती माणसं म्हणूनच आशेने बघतात. पण घाटावर पूर येतात. कोल्हापूर-सांगली २०१९ आणि २०२१ मध्ये बुडालं. खाली कोकणातही पूर येतातच : चिपळूण जुलै २०२१ मध्ये बुडालं. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि तेव्हा रस्त्यावर क्वालिसच क्वालिस होत्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून पुढे विकली जाते. ती ओळखायची एक सोपी युक्ती : सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गालिचे बदलतात, सीटची कव्हरं बदलतात, पण गुंडाळीच्या आत राहिलेली बेल्टवरची गढूळ रेघ सहसा कुणी धूत नाही. दिल्लीकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली, म्हणून तिकडचा कोरड्या हवेतला मालही खाली उतरतो. मात्र त्यात नोंदणी बदलायची आणि इथला कर भरायची कटकट आहे, ती किमतीत धरा.

कागदांचं थोडक्यात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला ती १०,००० केली. क्वालिस आता सगळ्याच त्या गटात. वर पर्यावरण कर वेगळा. मालकी बदलायच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, जुनं कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा नमुना ३५ मागा. गाडी पूर्वी पिवळ्या पाटीची असेल तर ती खासगी करून घेण्याचं काम विकणाऱ्याच्या गळ्यात घाला.

एक गोष्ट मात्र प्रेमाच्या भरात झाकू नये. या गाड्या बनल्या तेव्हा एअरबॅगा आपल्याकडे चैन होती. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर बसणाऱ्याला धडकेत धरून ठेवणारं काही नाही. त्या बाकांवर सामान ठेवा, पोरं नको. पुढे तोंड असलेल्या सीटांना बेल्ट नसतील तर पहिल्या आठवड्यात बसवून घ्या.

माझा कौल विचाराल तर चासी कोरडी आणि कागद सरळ असेल तर इंजिन थकलेलं असलं तरी गाडी घ्यावी. इंजिन घड्याळासारखं पण चासीत स्क्रू-ड्रायव्हर घुसतोय, तर फुकट मिळाली तरी नको. आणि घेतलीत, तर तिला खालून धुवायचे महिने पावसाळ्याचे नव्हेत, नोव्हेंबर ते मे. तेव्हा मीठ साठतं आणि धुवायला पाऊस नसतो. पंधरवड्यातून एकदा पोटाखाली, कमानींत, फूटबोर्डाच्या आत पाण्याचा जोरदार मारा करा. पाणी तेवढं चाखून घ्या : किनाऱ्यावरच्या बऱ्याच विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, आणि मचूळ पाण्याने धुण्यापेक्षा गाडी न धुतलेलीच बरी.